ज्युलिया आत्याचे बटाटे

तळघर

तळघरात बटाटे नव्हते.

व्हर्ना सायलसने टॉर्च डाव्या फळ्यांवरून फिरवला, मग उजव्या, मग खाली जमिनीवर, जिथे काही ठेवायचं ठरलेलंच नव्हतं. फळ्या रिकाम्या होत्या. जून महिन्यात तिनेच त्या ठोकल्या होत्या. प्रत्येक फळीला दोऱ्याने बांधलेली पुठ्ठ्याची चिठ्ठी लोंबत होती आणि प्रत्येक चिठ्ठीवर मुलांच्या अक्षरात एकेका गावाचं नाव होतं. नदीच्या वरच्या अंगाची तीन गावं, खालच्या अंगाची तीन.

विमानातून उतरून ती सरळ इथे आली होती, बॅग खांद्यावरून न उतरवता. विद्यापीठाच्या शेती-विस्तार कार्यालयाची वर्षातून एकदा बैठक असते, त्यासाठी दहा दिवस ती अलास्कातल्या फेअरबँक्स शहरात होती. चौथ्या दिवशी हवामानाचा इशारा आला की दोन रात्रींत माती गोठेल. तिने गावात टेसाला फोन केला. टेसा एव्हन पंधरा वर्षांची, मुलांच्या शेतीगटात सगळ्यांत मोठी. उद्याच खणा, असं व्हर्ना म्हणाली. टेसा हो म्हणाली. दोन दिवसांनी तिचा निरोप आला: झालं, अकरा पोती.

अकरा पोती हा आकडा व्हर्नाने बैठकीत तीन वेळा सांगितला होता. एकदा तर कुणी विचारलेलं नसताना.

ती टेकाडावरून खाली वाफ्यांकडे गेली. दाताळं घेऊन चार-पाच ठिकाणी माती उलथली. काही नाही. मुलांनी माती हातांनी चाळली होती, सुपारीएवढा बटाटासुद्धा मागे ठेवला नव्हता. घोड्याएवढा सांबर म्हणावा असा मूस मारला की त्याचं नाकसुद्धा रानात सोडायचं नसतं, तशी ती मुलं वाढलेली.


अकरा पोती म्हणजे काय

हे बटाटे दुकानातले नव्हते.

व्हर्नाची आजी लहानपणी मिशनच्या शाळेत होती. तिथल्या नन मुलींकडून बटाटे लावून घ्यायच्या. पुढे मिशन बंद पडलं, बाग झुडपांनी गिळली, पण आजीने येताना फडक्यात बांधून बटाटे आणले होते. तिच्यामागे ज्युलिया आत्याने ते चाळीस वर्षं मासेमारीच्या तळावर लावले. जांभळट सालीचा, आतून पिवळा, फार मोठा न होणारा बटाटा. पण सत्तर दिवसांत तयार होतो, आणि वीतभर खालची माती बर्फ असली तरी त्याचं काही अडत नाही. बाहेरून आणलेलं बियाणं इथे लावलं की वर पाला माजतो आणि खाली गोट्या लागतात.

आत्या गेली तेव्हा तिच्या पलंगाखालच्या पेटीत नऊ बटाटे सापडले. सुरकुतलेले, मोड आलेले. व्हर्नाने वर-खाली बारा गावांत चौकशी केली, जुन्या तळांवर जाऊन खणून पाहिलं. दुसरीकडे कुठेच उरले नव्हते.

नवाचे साठ झाले. साठाचे चारशे. ह्या उन्हाळ्यात चारशेच्या चारशे मातीत गेले. अर्धं पीक गावाने खायचं, अर्धं बियाणं म्हणून ठेवायचं, आणि वसंतात सहा गावांतल्या मुलांच्या गटांना पाठवायचं. म्हणजे पुढे एका गावात पूर आला, एका गावात कुणी विसरलं, तरी बटाटा मरणार नाही.

पहिली दोन वर्षं व्हर्नाने एकटीनेच खणले होते. मुलं पाणी घालायची, तण काढायची, मातीचं तापमान लिहायची. खणायचा दिवस तिने त्यांच्या हाती कधी दिला नव्हता. फार जपायची ती. ह्या वर्षी पहिल्यांदा त्यांनी स्वतःच्या हातांनी मातीतून काही बाहेर काढलं होतं.

वाफ्याच्या कडेला दाताळं टेकवून उभी असताना हे तिच्या लक्षात आलं. हाताला पहिल्यांदा लागलेलं काही घरात ठेवायचं नसतं, सगळं थोरांच्या दारात न्यायचं असतं. बटाटे कुठे गेले ते तिला कुणी सांगायची गरज उरली नाही. तरी ती विचारायला गेली.


टेसाचं म्हणणं

टेसा घरामागच्या धुरीच्या खोपीत मूसच्या मांसाच्या पट्ट्या टांगत होती. तिच्या भावाने परवा मूस मारला होता. हात कोपरापर्यंत लाल, कपाळावर केसांची बट चिकटलेली.

"सगळे?" व्हर्नाने विचारलं.

"सगळे. चौदा घरं झाली. पोल्डीन आजीला जरा जास्त दिले, ती सगळ्यांत मोठी ना."

"अर्धे बियाण्याला ठेवायचे, असं मी शाळेच्या फळ्यावर लिहिलं होतं."

"माहितीये. मीच उतरवून घेतलं होतं." टेसाने पट्टी दांडीवर नीट पसरली. "पण ते पुढच्या वेळचं ना? पहिल्यातलं कुणी ठेवतं का?"

टेसाला वाटलं, व्हर्नाला सगळी हकीकत ऐकायची आहे, म्हणून तिने सांगायला सुरुवात केली. मुलांनी संध्याकाळी पोती चारचाकीच्या ट्रेलरवर चढवली. नऊ वर्षांच्या वेंडेलने एकच बटाटा भाजून खायचा का असं विचारलं, तेव्हा सगळे त्याला हसले. खा की, मग आयुष्यभर दुकानातलेच खाशील, असं म्हणाले. तळघरात नेऊन अर्धे ठेवावेत असं एकदा तिच्या मनात आलं होतं, फळ्याही दिसत होत्या. पण मग तिला भीती वाटली. पहिल्याच वेळी हात आखडला तर माती पुन्हा कशाला देईल? सहा गावांना काय पाठवणार मग?

म्हणजे तिने विचार केला होता. विसरली नव्हती, घाई केली नव्हती. बियाणं वाचावं म्हणूनच तिने ते वाटून टाकलं होतं.

"आणि दुसरं एक," टेसा म्हणाली. आता ती व्हर्नाकडे बघत नव्हती. "सामन आटले म्हणून सरकारने नदी मासेमारीला बंद केली तेव्हा मी दहा वर्षांची होते. सगळ्यांची जाळी खुंटीला. माझ्या भावाचा पहिला मूस झाला, वेंडेलनेसुद्धा दोन ससे दिलेत. माझा मासा राहूनच गेला. कुणाच्या दारात मी काही घेऊन गेलेच नव्हते, व्हर्नाताई. आता गेले."

व्हर्नाने नवव्या वर्षी आपला पहिला सामन मासा ओढत ओढत एका म्हातारीच्या दारात नेला होता. शेपटाकडचा एक तुकडा आपल्याला मिळेल का, असं तिने वाटेत आईला विचारलं होतं. आई वाटेतच थांबून तिच्याकडे बघत राहिली होती. तो प्रश्न विचारल्याची लाज तिला अजून वाटते.

"छान केलंत," ती टेसाला म्हणाली. ते खरंही होतं.


फोन

ग्रेडन म्हणजे तिचा साहेब. भला माणूस, वीस वर्षं अलास्कात काढलेला, कुठल्याही गावात उतरला की आधी कुणाचं काय दुखतंखुपतं ते विचारणारा. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला की परंपरा फार सुंदर आहे, आता निम्मे परत माग, लोक समजून घेतील.

व्हर्ना म्हणाली, बघते.

दिलेलं परत मागणं हुत्लानी. ह्या शब्दाचा अर्थ सांगत बसत नाहीत. लहानपणी हातावर चापट बसते तेव्हा तो कळतो. त्यातून पहिल्या शिकारीचं परत मागायचं म्हणजे मागणाऱ्याचं काही जात नाही, जातं ते त्या पोराचं. त्याचं नशीब तिथेच मोडतं. व्हर्नाकडे विद्यापीठाची पदवी होती आणि ह्यावर तिचा विश्वास आहे की नाही हे तिने स्वतःला कधी विचारलं नव्हतं. पण टेसाच्या नशिबावर तिला प्रयोग करून बघायचा नव्हता.

मागायचं नाही. पण भेटीला जायला काय हरकत आहे? दहा दिवसांनी गावात आलेय, म्हाताऱ्यांची विचारपूस करायला हवीच. बोलता बोलता कुणी आपणहून म्हणालं की बाई, हे फार झाले, थोडे घेऊन जा, तर ते मागणं थोडंच होतं?

ताकाला जाऊन भांडं लपवायचं, म्हणतात ना. व्हर्ना भांडं लपवून निघाली.


पहिलं घर, पहिलं जेवण

हेक्टर काका अठ्ठ्याहत्तर वर्षांचे, एकटे राहतात, आणि आपल्या थट्टेवर आधी आपणच हसतात. दार उघडून त्यांनी तिला आत ओढलंच. चुलीवर पातेलं होतं. मूसचं मांस आणि बटाटे.

"बस. खा. सरकारी माणसाला उपाशी धाडलं तर माझ्यावर अहवाल लिहितील."

"मी सरकारी नाही, काका. विद्यापीठाची."

"मग दोनदा वाढतो. विद्यापीठात तुम्हाला काही मिळत नाही असं ऐकलंय."

त्यांनी ताटली भरली. मग सांगत राहिले. पोरं दारात आली तेव्हा ते बनियनवर होते. मुलांना बाहेर थांबवून आत गेले, धुतलेला शर्ट घातला, हात धुतले, आणि मग पोतं घेतलं. पाच वर्षं झाली होती, कुठलं पोर काही घेऊन त्यांच्या दारात आलं नव्हतं. आता पोरांकडे काही नसतं आणि म्हाताऱ्यांकडे त्यांना म्हणायला काही नसतं, त्यामुळे रस्त्यात भेटलं की दोघंही दुसरीकडे बघतात. त्या दिवशी मात्र ते टेसाला तिच्या पणजोबांची एक गोष्ट सांगू शकले. ती त्यांनी कितीतरी वर्षांत कुणाला सांगितली नव्हती. सांगताना त्यातलं एक माणूस विसरलं, तेही टेसा गेल्यावर आठवलं.

हेक्टर काकांच्या घरी व्हर्ना जे बोलली नाही:

काका, किती उरलेत?

काका, निदान कोंबाचे डोळे तरी कापून ठेवा.

काका, हे ज्युलिया आत्याचे आहेत हो.

काका, हा जो तुमच्या काट्याला आहे ना, त्याचे पुढच्या ऑगस्टात सात झाले असते.

मी फेअरबँक्सला जायलाच नको होतं.

आणि जे बोलली:

"रस्सा वाढा अजून थोडा."


दुसरं घर, दुसरं जेवण

एलायझा मावशींनी बटाट्याच्या चकत्या कांद्याबरोबर तळल्या होत्या. शेजारी पायलट ब्रेड म्हणतात ती जाड कडक बिस्किटं आणि चहा. व्हर्ना नुकतीच जेवून आलेय म्हणाली तेव्हा मावशींनी विचारलं की जेवलीस कुणाकडे, आणि हेक्टरकडे असं ऐकल्यावर म्हणाल्या की मग ते जेवण धरत नाहीत, त्याला मीठ कळत नाही.

मावशींकडे उरले होते का? थोडे. बाकीचे त्यांनी पुढे दिले होते. एवढं मोठं देणं घरात थांबवून कसं चालेल? एक खोका खालच्या गावी बहिणीला, एक पिशवी पुतण्याबरोबर होडीने वरच्या अंगाला, तिथे त्याची सासू असते. थोडे दवाखान्यातल्या नर्सबाईंना.

"खोका कधी पाठवलात?" व्हर्नाने विचारलं. इतपत विचारणं चालतं.

"आजच. सकाळच्या विमानाने."

म्हणजे व्हर्ना ज्या विमानातून उतरली त्याच विमानात तो खोका चढला होता. तिला आठवलं. पायलटने तो काखोटीला मारला होता, वर निळी चिकटपट्टी होती, आणि तिने बाजूला सरून त्याला वाट करून दिली होती.


तिसरं घर

कुस्करलेले, दुधाच्या पावडरीत कालवून. तेही खाल्ले.


सहा गावांना पत्र

रात्रीचं जेवण अर्थातच झालं नाही. घरी येऊन ती टेबलाशी बसली.

पहिला मसुदा: काही अपरिहार्य कारणांमुळे यंदा बियाणं पाठवता येणार नाही.

दुसरा: आमच्या मुलांकडून गैरसमजाने

हे तिने एवढं जोरात खोडलं की कागद फाटला. गैरसमज कुणाचा झाला होता? मुलांना काय द्यायचं ते माहीत होतं, का द्यायचं ते माहीत होतं, कुणाला द्यायचं तेही.

तिसरा: आमच्या मुलांनी त्यांचं पहिलं पीक गावातल्या वडीलधाऱ्यांना दिलं. तुमच्यासाठी ठेवलेलंही त्यातच गेलं.

हे वाचून तिला वाटलं, सहाच्या सहा गावांतले लोक मान हलवतील आणि म्हणतील, बरोबर आहे. एकजणही रागावणार नाही. आणि पुढच्या वर्षी सहाही गावांत ज्युलिया आत्याचा बटाटा नसेल. त्याच्या पुढच्या वर्षी कुठेच नसेल. रागावणारं कुणी असतं तर बरं झालं असतं.

चौथा मसुदा म्हणजे तिसराच, खाली सही करून.


पोल्डीन आजी

दुसऱ्या दिवशी दुपारी ती पोल्डीन आजीकडे गेली. सगळ्यांत जास्त बटाटे आजीकडे होते म्हणूनच हे घर तिने काल टाळलं होतं. आजी एकोणनव्वद वर्षांची. काठावरचं छोटं घर, खिडकीतून नदी दिसते, आणि आजी दिवसभर नदीकडे पाठ करून बसते, कारण जाळी नसलेली नदी बघवत नाही म्हणते.

टेबलाखाली खोके होते. दोन मोठे, बंद. व्हर्नाची नजर तिकडे गेली आणि तिने ती लगेच काढून घेतली, पण आजीचे डोळे अजून शाबूत होते.

"मागायला आलीस."

"नाही, आजी."

"बरं झालं. मागितलं असतंस तर मी दिले असते. म्हातारं माणूस मी, किती हट्ट करणार? आणि मग त्या पोरीच्या हाताला पुन्हा काही लागलं नसतं." आजीने चहाची किटली तिच्याकडे सरकवली. "काल तीन घरी जेवलीस म्हणे. हेक्टर सांगत होता, विद्यापीठ ह्यांना उपाशी मारतं."

व्हर्ना हसली, आणि हसताना तिचा चेहरा वाकडा झाला. मग तिने सगळं सांगून टाकलं. मागण्यासाठी नाही, आता ते संपलं होतं. नऊ बटाटे, पेटी, साठ, चारशे, सहा फळ्या. फळ्यावर लिहिलेला अर्धा-अर्धा हिशेब. हा बटाटा आता कदाचित जाईल हे तिने पहिल्यांदा तोंडाने म्हटलं. आजी ऐकत होती, आणि ऐकता ऐकता तिच्या कपाळावर आठी चढत होती.

"पाण्यातल्या घरट्यातून बीव्हर काढताना दोन जिवंत आत सोडायचे, हे तुला कुणी शिकवलं?" तिने मध्येच विचारलं.

"बाबांनी."

"आणि त्याला माझ्या नवऱ्याने. बदकांच्या घरट्यातली सगळी अंडी कुणी उचलतं का?"

"नाही."

"मग आम्हाला काय, सगळं मारून खायचं एवढंच येतं असं वाटलं तुला?" आजीचा आवाज चढला नव्हता, उलट खाली आला होता. "तीन वर्षं शाळेत शिकवतेस. पोरांना शिकवलंस, मास्तरला शिकवलंस, फेअरबँक्सला जाऊन तिथल्यांना शिकवलंस. पोरं पहिलं पीक कुणाच्या दारात आणणार हे तुला ठाऊक नव्हतं? तू ह्याच गावची ना? ज्यांच्या हातात ते येणार होतं, त्यांना एका शब्दाने सांगितलं नाहीस. बटाटा दुकानातून येतो आणि खाऊन संपतो, एवढंच आम्हाला माहीत. त्यात दोन सोडायचे असतात हे कोण सांगणार होतं?"

व्हर्नाने कप खाली ठेवला.

"मला वाटलं, मोठ्या माणसांना मी काय शिकवणार," ती म्हणाली. "उद्धटपणा वाटला असता."

"मग शिकवू नकोस. सांग." आजी टेबलाला धरून उठली. "आणि आधी त्यातले दोन शिजव. मी अजून खाल्ले नाहीत. हिवाळ्याला पुरवायचे म्हणून ठेवले होते. पण त्या पोरीसाठी खाल्ले पाहिजेत."

खोका व्हर्नाने उघडला. बटाटे नीट पुसलेले होते, थोराला द्यायचे म्हणून मुलांनी एकेक फडक्याने पुसला असणार. तिने दोन उचलले. मोठे उचलले, लहान आपोआप टाळले गेले, मग तिने मुद्दाम हात मागे घेतला आणि आजीला विचारलं, "कुठले?"

"मोठे घे. मोठे खायचे असतात, एवढं मलाही कळतं."

व्हर्नाने ते उकडले. आजीने ते मीठ लावून सालीसकट खाल्ले, सावकाश, मध्ये एकदा डोळे मिटून. खाऊन झाल्यावर म्हणाली की हे तिने पूर्वी खाल्ले आहेत, ज्युलियाच्या आईकडे. तेव्हा जास्त चांगले लागले होते, पण तेव्हा दात होते.

"उरलेले तुझ्या फळीवर ठेवणार नाही," ती म्हणाली. "ते माझे आहेत. मी खाईन, नाहीतर मातीत घालीन, नाहीतर वरच्या गावच्या माझ्या नातवाला देईन. माझ्या मनात येईल ते करीन. कळलं?"

"कळलं, आजी."

"आता मला सांग ते कसे सांभाळायचे. थांब. मला एकटीला नको." तिने खिडकीजवळच्या रेडिओकडे बोट केलं. घरोघरी असतो तसाच, बटण दाबून बोलायचा, सगळं गाव एकाच चॅनलवर. आजीने माइक उचलला, बटण दाबलं आणि सांगितलं की ज्युलियाची भाची बोलणार आहे, चुलीवर काही असेल तर बाजूला ठेवा. मग माइक व्हर्नाच्या हातात दिला.

व्हर्नाने तीन वर्षांत कितीतरी तास शिकवलं होतं. त्यातलं एकही वाक्य आता उपयोगाचं वाटेना. ती म्हणाली की नमस्कार, मी व्हर्ना. मुलांनी जे बटाटे दिले ते तुमचे आहेत, तुम्ही त्यांचं हवं ते करा. पण ते ज्युलिया आत्याच्या पेटीतले शेवटचे आहेत आणि ते कसे जगतात ते तुम्हाला कुणी सांगितलं नाही. ते मी सांगायला हवं होतं. कोंबडीच्या अंड्याएवढे असतील ते बाजूला काढायचे, घरट्यात आपण दोन बीव्हर सोडतो तसे. अंधारात ठेवायचे. गोठता कामा नयेत आणि उबेलाही ठेवायचे नाहीत. प्लास्टिकच्या पिशवीत घुसमटतात. वसंतात बर्चच्या झाडाचं पान उंदराच्या कानाएवढं झालं की डोळे वर करून मातीत. तुम्ही पुढे कुणाला दिले असतील तर त्यांनाही एवढं कळवा. झालं माझं.

तिने बटण सोडलं. रेडिओ नुसता खरखरत राहिला.

मग एलायझा मावशी आल्या. बहिणीला आत्ताच फोन लावते म्हणाल्या, पण तिचं काही सांगता येत नाही, तिने काल रात्रीच सगळे सूपमध्ये ढकलले असतील, ती तशीच आहे. मग कुणीतरी म्हणालं की आमचे संपले, छान होते, वाईट वाटतं. मग आणखी एक तसंच. व्हर्ना खाली बघत ऐकत होती. नर्सबाईंनी त्यांच्याकडे पाच आहेत असं सांगितलं, फ्रिजमध्ये चालतील का विचारलं. व्हर्ना म्हणाली, चालतील. वरच्या गल्लीतल्या कुणी डोळे म्हणजे नेमकं काय ते विचारलं, आणि ती सांगत असताना टेसाने मध्ये येऊन जास्त सोपं करून सांगितलं.

किती वाचतील हे व्हर्नाला कळत नव्हतं. तिने कागद घेतला नाही. त्यातला एकही तिच्या फळीवर येणार नव्हता, सहा गावांना ह्या वसंतात तिच्याकडून काही जाणार नव्हतं, आणि पत्र उद्याच्या विमानाने पाठवायचंच होतं.

"हेक्टर बोलतोय," रेडिओ म्हणाला. "ए पोरी. माझे चुलीमागे आहेत. उबेत. त्यांना बरं वाटेल म्हणून ठेवले होते. ते वाईट का?"

"हलवा, काका. थंड जागी. पलंगाखाली चालेल."

"हलवतो."

पण बटण सोडायचं ते विसरले. खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग पोतं लाकडी जमिनीवरून ओढल्याचा, थांबत थांबत. कुत्र्याला काहीतरी सांगितलं, बाजूला हो, तुझं नाही ते. पलंग करकरला. मग ते स्वतःशीच पुटपुटू लागले, हा मऊ आहे, हा खातो, हा नको, हा ठेवतो, हा ठेवतो, हा केवढासा आहे बघ. ते बटण सोडेपर्यंत गावात दुसऱ्या कुणालाच बोलता येणार नव्हतं. आजीने दोन्ही कपांत पुन्हा चहा ओतला आणि दोघी बसून राहिल्या, ऐकत.